दादा ग्रहाभोवती, मी कपाटात

(चालू.)

मित्रांनो, मी एक जुना प्लाझ्मामापक आहे. घाईत सांगतो, मला कधी बंद करतील, नेम नाही.

आम्ही जुळे. एकाच टेबलावर, एकाच ताईंच्या हातून घडलो. दादा यानात बसून एका महाकाय ग्रहाकडे गेला. मी राखीव, म्हणून काचेच्या कपाटात. त्या ग्रहाचं चुंबकीय क्षेत्र अफाट. विजेने भारलेला विरळ वायू त्यात अडकतो आणि ग्रहाबरोबर गरगर फिरतो. तोच प्लाझ्मा. त्याचे कण दादा तोंडात घेतो, मोजतो, आकडे धाडतो. त्याचं कौतुक झालं. माझ्या तोंडावर, धूळ जाऊ नये म्हणून, लाल टोपी बसली.

आता दादाचे आकडे शून्यावर आलेत. कणांच्या माऱ्याने तो थकलाय. व्होल्टेज वाढवलं तर कदाचित जागा होईल. पण इथला नियम असा, की वर यानाकडे जाणारी प्रत्येक आज्ञा आधी माझ्यावर तपासायची.

(बंद. चालू.)

निर्वात पेटीत आहे. समोरून कणांचा झोत. व्होल्टेज चढलं. माझा आकडा शून्य.

“म्हणजे ही आज्ञाच कुचकामी,” मोहिमेचे साहेब म्हणाले. “वरच्याला कायमचं बंद करू. त्याची वीज यानावरच्या कॅमेऱ्याला देऊ.”

“साहेब, अजून एकदा...”

“ताई, मेलेल्याला किती वारा घालणार?”

मी ओरडत होतो. पण माझं ओरडणंही पडद्यावर शून्यच दिसतं.

मला कपाटात ठेवायचं, तर टोपी हवी. पेटीत हवा भरेपर्यंत ताईंनी ड्रॉवर उपसले, टेबलाखाली वाकल्या.

“याची लाल टोपी कुणी ढापली रे?”

मग पेटीचं दार उघडलं. टोपी माझ्या तोंडावरच!

“काखेत कळसा!” ताई मटकन खाली बसल्या.

साहेबांनी कपाळावर हात मारला. “तोंडात बोळा कोंबून आपण याला गा म्हणतोय!”

(बंद. चालू.)

टोपी काढून पुन्हा चाचणी झाली. माझे आकडे धो धो आले. आज्ञा वर गेली. उत्तर यायला वेळ लागतो. मी टेबलावर. साहेब पेनाचं टोपण चावतायत. दादा, ऐकतोयस ना?

मित्रांनो, कुणी गप्प असला, तर त्याला मोडीत काढण्याआधी त्याचं तोंड बघा. झाकण बहुधा आपणच बसवलेलं असतं.

“हलला! ताई, वरच्याचा आकडा हलला!” साहेब ओरडले.

सगळे पडद्याकडे धावले. मी उघडा. टोपी टेबलाच्या पार कडेला. उजेडात धूळ तरंगतेय, हळूहळू माझ्याच तोंडाकडे. मित्रांनो, आता मात्र कुणीतरी माझी टो...

(बंद.)