टेबलाखालचे मामा

मी टेबल बोलतोय. विद्यापीठाच्या कॅन्टीनमधलं, खिडकीजवळच्या कोपऱ्यातलं. हसू नका. माणसं बोलायला शिकताना जे जे सांडतं ते सगळं माझ्याच अंगावर सांडलंय, तेव्हा बोलायचा पहिला हक्क माझा.

ज्या सुताराने मला घडवलं त्याला बहुधा जेवायची घाई होती. माझा चौथा पाय बाकीच्या तीन भावंडांपेक्षा आखूड राहिला. आधी मला ग्रंथालयात ठेवलं. पण माझ्यावर वही ठेवून लिहिणाऱ्याचं अक्षर नाचायला लागायचं, म्हणून तिथून हकालपट्टी झाली. कॅन्टीनमध्ये आलो तर भरलेला कप माझ्यावर ठेवला की अर्धा चहा बशीत. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! कुणी माझ्याकडे फिरकेना.

माझं नशीब उघडलं ते मुकादमीणबाईंमुळे. या भाषा विभागाच्या विद्यार्थिनी. दोन माणसं रिकामी दिसली की त्यांना काम वाटून देतात, म्हणून मित्रांनी हे नाव ठेवलेलं. वर्गात परकी भाषा शिकायची आणि तास संपला की ती वहीबरोबर पिशवीत कोंबायची, हे बाईंना बघवेना. वर्गाबाहेर बोलायला जागा हवी होती, आणि कायम रिकामं असलेलं टेबल अख्ख्या कॅन्टीनमध्ये एकच होतं. त्यांनी माझ्या आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि फर्मान काढलं, “या टेबलावर घरची भाषा बंद. जो चुकेल त्याने सगळ्यांचे कप उचलायचे.”

कप उचलण्यात पैलवानाचा हात कुणी धरू शकलं नाही. हा वसतिगृहात राहणारा धिप्पाड गडी. गरम घोट जिभेला लागला की त्याच्या तोंडून घरचीच भाषा बाहेर पडायची. त्याला रोज कपांचा डोंगर नेताना पाहून कॅन्टीनच्या मावशींना वाटलं, हा नवीन कामाला लागलाय. “तेवढं ते पलीकडचं टेबलही पूस रे बाबा,” त्या म्हणाल्या, आणि याने पुसलंसुद्धा!

एक मात्र कधीच चुकला नाही, कारण तो कधी पुरतं बोललाच नाही. त्याला सगळे अर्धविराम म्हणत. वाक्य सुरू करायचा, मध्येच थांबायचा आणि खिडकीबाहेर बघत बसायचा. लेखी परीक्षेत तो वर्गात पहिला. प्रदूषणावर चार पानं लिहील, पण तोंड उघडलं की कुलूप.

एके दिवशी बाईंनी त्याला खोदून विचारलं, तेव्हा कळलं. त्याची ताई लग्न होऊन त्या भाषेच्या देशात गेलेली. तिची मुलगी चार वर्षांची, तिला आईची भाषा येत नाही. फोनवर मामा दिसला की दोन क्षण वाट बघते, मामा काही बोलत नाही, की पळून जाते. ताई म्हणते, “जाऊ दे रे, मोठी झाली की बोलेल.” आणि आता त्या दोघी सुट्टीला येणार होत्या.

“ती परत जाईल,” तो माझ्याकडे बघत म्हणाला, “आणि मी तिच्यासाठी फोनमधला एक मुका माणूसच राहीन.”

मला फार वाईट वाटलं. लाकूड असलो म्हणून काय झालं!

बाई लगेच कामाला लागल्या. सराव सुरू झाला. भाचीचं काम कुणाला? पैलवानाला! तो गुडघे पोटाशी घेऊन खुर्चीत बसायचा, ओठ काढायचा आणि बारीक आवाजात म्हणायचा, “मामासाहेब, आपल्याला भेटून मला अत्यंत आनंद झाला.” पुस्तकात तेवढंच होतं, त्याला बिचाऱ्याला तरी काय येणार? मग मामाने विचारायचं, “प्रवास कसा झाला?” भाचीने सांगायचं, “सुखरूप.” लेकराची भेट होती की परराष्ट्रमंत्र्यांची बैठक, देव जाणे.

सुट्टीत ताई भाचीला घेऊन कॅन्टीनमध्ये आली. मंडळी ओळीने उभी, सगळ्यांचे दात बाहेर. चिमुरडीने तो देखावा पाहिला आणि थेट माझ्याखाली शिरली. हे लगेच चारी बाजूंनी वाकले. “प्रवास कसा झाला?” पैलवान गरजला. तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

“जाऊ दे रे,” ताई म्हणाली, “लाजते ती.”

अर्धविरामाचा चेहरा पडला. मग काय वाटलं कोण जाणे, गुडघ्यांवर बसून तो सरपटत माझ्याखाली शिरला. डोकं माझ्यावर दाणकन आपटलं. तो डोकं चोळत तिथेच बसला.

तिने एक डोळा उघडून तिच्या भाषेत विचारलं, “तू पण लपलास?”

हा प्रश्न सरावात नव्हता.

“हो,” तो म्हणाला.

“कुणापासून?”

“तो मोठ्या बुटांचा माणूस आहे ना, तो मला रोज विचारतो, प्रवास कसा झाला.”

“मला पण विचारलं! मग तू काय सांगितलंस?”

“म्हटलं, बाबा रे, मी कुठे गेलोच नव्हतो!”

ती खळखळून हसली आणि त्याला बसायला सरकून जागा केली. वर ताईने कप ओठांशी नेला होता, तो तसाच राहिला. खाली मामाच्या चुकांचा पाऊस पडत होता आणि भाची त्या एकेक दुरुस्त करत होती, आमच्या कुठल्याही प्राध्यापकापेक्षा कडकपणे.

सुट्टी संपली, त्या परत गेल्या. आता फोनवर ती पळून जात नाही. फक्त तिची एक अट आहे. मामाने टेबलाखाली बसायचं, तीही तिकडे तिच्या टेबलाखाली बसणार. म्हणून दर रविवारी हा दाढी वाढवलेला घोडा फोन घेऊन माझ्याखाली शिरतो. मावशी त्याच्या पायांना वळसा घालून केर काढतात.

ऐकतोय की कॅन्टीनमध्ये नवी टेबलं येणार आहेत. मधोमध एकच जाड खांब असलेली, अजिबात न डगमगणारी. येऊ देत. मला रंग देऊ नका, माझा पाय दुरुस्त करू नका, वाटल्यास माझ्यावर कुणी बसूही नका. पण एवढा कोपरा मला राहू द्या. त्या खांबाच्या टेबलाखाली एवढा मोठा मामा मावणार नाही हो, आणि तिकडे ती वाट बघत बसेल.