साहेब जागेवर नाहीत

बारामतीच्या कॉलेजात बारावी व्होकेशनलचा वर्ग होता आणि त्या वर्गात चक्क एक कंपनी होती. खरी नव्हे. मालती मॅडमनी चार बाकं जोडून आणि खिडकीला पडदा टांगून ती उभी केलेली. ऑफिस मॅनेजमेंट शिकायचं तर ऑफिस नको का, असं त्यांचं म्हणणं. कंपनी काही बनवत नसे, काही विकत नसे. पण रोज मीटिंग भरे, आणि पाळीपाळीनं कोणीतरी मॅनेजर होऊन पंख्याखाली ऐटीत बसे.

जयवंता नावाच्या पोरीचा जीव मात्र टेबलावरच्या काळ्या टेलिफोनवर होता. वडगाव निंबाळकरहून एसटीनं येताना ती खिडकीतून तारांकडे बघत राही. कालव्याच्या कडेनं, उसाच्या वरून तारा पळत असायच्या. आत्ता यांच्यातून कोणी हसत असेल, कोणी रुसलं असेल, आणि खाली उसाला त्याचा पत्ताही नाही, असं तिच्या मनात येई. मग ती स्वतःच त्या तारांच्या टोकाला जाऊन बसे, आणि साऱ्या मुलखाचं बोलणं आधी तिला विचारून पुढं जाई. कंडक्टर खेकसला की स्टँड आलेला असायचा.

फोनच्या प्रात्यक्षिकात जी चांगली ठरेल तिला भवानीनगरला, साखर कारखान्याच्या ऑफिसात ट्रेनिंग मिळणार होतं. तिचा नवरा तिथंच वर्कशॉपला होता. लग्नाला वर्ष होत आलेलं, पण पहाटे तो जायचा आणि मग ही. दिवसाउजेडी दोघांची गाठ रविवारीच. दोघं एकाच एसटीत शेजारी बसून निघालोत, हे स्वप्न तिनं इतक्यांदा पाहिलं होतं की त्यातलं तिकीटही तिला दिसायचं.

घोडं अडलं ते नावाशी. परीक्षेसाठी मॅडमनी मॅनेजर नेमला तो वर्गातला रविराज. फोन उचलून जयवंतानं म्हणायचं होतं, 'मॅनेजर रविराज साहेब आत्ता जागेवर नाहीत. काय निरोप देऊ?' आणि तिच्या नवऱ्याचं नाव रविराज.

"मॅनेजर..." म्हणून ती थांबली. कानापर्यंत लाल झाली. "मॅनेजर... ते..."

"ते कोण?" मॅडम म्हणाल्या. पोरी खिदळल्या.

"उखाण्यात घेती मी, मॅडम. नुसतं न्हाय येत."

"मग फोनवर उखाणा घेणार? समोरचा रिसीव्हर आपटेल!" मॅडमना हसू आवरेना. "अगं, आमच्या रमाकांतना मी दिवसभर नावानं हाका मारते. ठणठणीत आहेत."

"दुसरा कुणी मॅनेजर करा की."

"करीन. पण उद्या कारखान्यावर रविराज नावाचा साहेब असला, तर त्याचं बारसं पुन्हा करणार का?" मग त्यांचा आवाज मऊ झाला. कपाटातून एक तार तुटलेला जुना फोन काढून त्यांनी तिच्या हातात दिला. "घरी ने. सासूबाईंसमोर म्हण. तिथं जमलं की कुठंही जमेल."

मॅडमना सांगायला काय जातं! सासू तानूबाई म्हणजे काही साधं प्रकरण नव्हतं. मेंढरांमागं सह्याद्री उतरून कोकण तुडवलेली बाई. फोन बघूनच त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं. एकच ल्योक हाय माझा. तुझी परीक्षा ऱ्हाऊ दे."

घरचा रविराज हसत म्हणाला, "मला काय हुतंय? घे की." पण आईनं नुसतं बघितलं आणि तो मुकाट्यानं हात धुवायला गेला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, दिवस कलताना, जयवंता फोन मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. 'मॅनेजर' म्हणायची आणि अडायची. शेवटी तिला रडूच आलं. तानूबाई उंबऱ्यात बाजरी निवडत होत्या. उन्हं उतरलेली, वाऱ्यावर कुठल्या तरी गुऱ्हाळाचा गोड वास. सुपातला हात मधेच थांबला.

"ह्यातनं कुठवर बोलता येतं गं?"

"कुठवर बी, आत्या."

"कोकणात?"

"व्हय की."

तानूबाईंचा नवरा कोकणातल्या मेंढरांच्या तळावर तापानं गेला, तेव्हा रविराज अंगावर पीत होता म्हणून त्या गावीच होत्या. निरोप माणसाच्या पायानं, घाट चढून आला. तोवर सगळं उरकलेलं. आणि विधवेला उखाणा घ्यायला कोण सांगतो? तेव्हापासून ते नाव त्यांच्या तोंडून नुसतंही नाही, उखाण्यातही नाही.

"जन्मात मी नुसतं नाव घेतलं न्हाय त्यांचं," त्या बाजरीकडे बघत म्हणाल्या. "तरी गेलंच की."

मग सूप बाजूला सारून त्या ओट्यावर आल्या. रिसीव्हर उचलला. आधी उलटा धरला, मग जयवंतानं सरळ करून दिला. तुटकी तार त्यांच्या लुगड्यावर लोंबत होती.

"हॅलो," तानूबाई म्हणाल्या. "गेणूराव हायत का?"

नाव बाहेर पडलं आणि त्यांनी दचकून आढ्याकडे पाहिलं. काही कोसळलं नाही. जयवंताच्या ओठांवर तोंडपाठ होतं तेच आलं.

"साहेब आत्ता जागेवर नाहीत. काय निरोप देऊ?"

"सांगा त्यास्नी," तानूबाई सावकाश म्हणाल्या, "मेंढरं इकली म्हणावं. रवी कारखान्यावर लागला. चेहरा तुमचाच घेतलाय त्यानं. सून शिकती." थोडं थांबून त्यांनी डोळे पुसले. "आन् तिला उद्या नाव घ्यायला मीच सांगितलंय. रागवू नका."

"आपलं नाव?"

"तानूचा फोन आलता म्हणा. वळखतील."

दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर जयवंतानं फोन उचलला. आवाज स्वच्छ निघाला. "मॅनेजर रविराज साहेब आत्ता जागेवर नाहीत. काय निरोप देऊ?" मागं उभ्या असलेल्या मालती मॅडमनी पडद्याआड तोंड लपवून डोळे टिपले.

संध्याकाळी बारामतीच्या स्टँडवर ती नवऱ्यासाठी थांबली. निकाल अजून लागायचा होता, तरी दोघं शेजारी बसून घरी निघाले. खिडकीबाहेर तारा पळत होत्या, पण आज ती त्यांच्या टोकाला जाऊन बसली नाही.

वडगावच्या फाट्यावर तानूबाई उभ्या होत्या. लेकाला घ्यायला त्या आजवर कधी आल्या नव्हत्या. दुपारपासून बसल्यात, असं पानवाला म्हणाला. रविराज उतरताच त्यांनी त्याचे दंड चाचपले, कपाळाला हात लावला, पायांकडे पाहिलं.

"बरा हायस न्हवं?"

"मला काय झालंय?" तो गोंधळून म्हणाला.

तानूबाईंनी त्याचा हात न सोडता सुनेकडे पाहिलं. "घेतलंस?"

"घेतलं, आत्या."

"मग चला घरी," त्या म्हणाल्या, पण घर येईपर्यंत त्यांनी लेकाचा हात काही सोडला नाही.