दोन डिस्कचं जातं

माझ्या दुकानात येऊन कोणी "ताई, फॉर्मॅट मारून द्या" म्हटलं का माझं डोकं सणकते. खामगावच्या बसस्टँडामागं कॉम्प्युटर दुरुस्तीचे जेवढे दुकानं आहेत, तिथं सगळ्या दुखण्याले हे एकच औषध. चालू होत नाही? फॉर्मॅट. हळू चालते? फॉर्मॅट. अरे, आतमधी लोकायचं काय काय असते! कोणाचं लग्न, कोणाच्या लेकराचं बारसं, आणि हे मेले एका झटक्यात सगळं साफ करून टाकतात. माझ्याकडं तसलं चालत नाही. दुसरी गोष्ट, गिऱ्हाइकाच्या मशीनमधलं काही मी माझ्या मशीनमधी कधीच घेत नाही. या गल्लीत कोणाकोणाच्या पोरींचे फोटो कसे फिरले, ते मले माहीत आहे. म्हणून कोकिळाताईच्या दुकानाचा कायदा पक्का: मालक समोर बसल्याशिवाय फाइल उघडायची नाही, आणि कॉपी तं मुळीच नाही. या कायद्यावर लोकं माझ्यावर भरवसा ठेवतात.

ही गोष्ट २००९ ची. कापूस घरात येऊन राह्यला होता. धामणगाव बढ्याहून चांगुणा नावाची एक पोरगी मशीन घेऊन आली. मशीन गोधडीत गुंडाळलेलं, एसटीत मांडीवर धरून आणलेलं. पोरगी माझ्या लहान बहिणीएवढी, गळा मोकळा, कपाळ कोरं. काय झालं असेल ते मले न सांगता समजलं.

"ताई, याच्यात त्यायचा आवाज हाय," ती म्हणे. "काई बी करा, पन तेवढा काढून द्या."

तिचा नवरा पुंजाजी लग्नाची शूटिंग करायचा. पावसाळ्यात नांदुऱ्याच्या रस्त्यावर ट्रकनं उडवला. आजूबाजूच्या गावात एवढे लग्न लागले, सगळ्यात तो हजर, पण एकाही सीडीत नाही. कॅमेऱ्यामागचा माणूस कोणाले दिसते? आणि जिथं तिथं वरून गाणे चिपकवलेले, म्हणून आवाजही नाही. फोटो म्हणाल तं मतदान कार्डावरचा, त्याच्यात तो स्वतःच्या मायले ओळखू येणार नाही असा.

"एका फाइलीत मात्र ते बोलतात," चांगुणा म्हणे. "जायच्या आधी मले त्याची सीडी करायची हाय."

"कुठं जायच्या आधी?"

ती गोधडीची घडी घालत सांगायले लागली. शेगावले तिचा भाऊ होता, त्यानं तिचं दुसरं लग्न जमवलं होतं. तुळशीचं लग्न लागलं का हिचं उरकून टाकायचं. मी म्हटलं, चांगलं केलं बाई, आयुष्य काय भिंतीकडं पाहून काढायचं आहे? तं ती रडायले लागली. मले रडणं सहन होत नाही, मी मशीन उघडायले घेतलं.

आत पाह्यलं तं बोर्ड जळून काळा पडलेला. वीज कमीजास्त झाली असेल. मी म्हटलं, फिकीर नाही, डिस्क काढून दुसऱ्या मशीनले लावते. पण हा पुंजाजी मोठा हुशार निघाला होता! शूटिंगचं काम फास्ट व्हावं म्हणून त्यानं दोन डिस्क जोडून एक केलेली. अशा वेळी प्रत्येक फाइल अर्धी या डिस्कवर, अर्धी त्या डिस्कवर. जात्याच्या दोन तळ्या असतात ना, वरची आणि खालची, तसं. एकटी तळी काही दळत नाही. दोन्ही डिस्क ज्याच्या हुकमावर एकत्र चालतात तो कंट्रोलर बोर्डावर असते, आणि बोर्ड तं मेलेला.

त्याच कंपनीचा जुना बोर्ड शोधायले मले बरेच दिवस लागले. तो बसवला, कंट्रोलरनं दोन्ही डिस्क ओळखल्या, माझा जीव भांड्यात पडला. पण विंडोज काही उठेना. निळा पडदा यायचा आणि मशीन बंद. विंडोजची सीडी टाकून दुरुस्त करायले गेली, तं ती म्हणे, या मशीनमधी डिस्कच नाही. घ्या! समोर दोन दोन डिस्क घुरघुर करून राह्यल्या आणि ही म्हणते नाही. कारण जुन्या विंडोजले हा कंट्रोलर ओळखताच येत नाही. त्याची ओळख करून देणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, वेगळा द्यावा लागते, आणि तोही फ्लॉपीवर. सीडी सुरू झाल्याबरोबर एफ-सिक्स दाबायचं, फ्लॉपी टाकायची, मंग नावांची यादी येते. त्यातलं एक निवडायचं. सगळे एकसारखे दिसतात, जुळ्या पोरांसारखे. गल्लीतले हुशार लोकं वरचं पहिलं नाव दाबतात आणि पुन्हा निळा पडदा आला का म्हणतात, "फॉर्मॅट मारा."

शेगावहून मी फ्लॉपीचा ड्राइव्ह मागून आणला. फ्लॉपी बुरशी लागलेल्या, एक चालेल तं शपथ. चालली तवा पहिल्यांदा मीही चुकीचं नाव दाबलं. मंग बोर्डावरचं पंख्याखालचं झाकण काढलं, चिपवरची धूळ ओल्या बोळ्यानं पुसली, नंबर वाचला, आणि तेच नाव यादीत निवडलं. यावेळी सीडीनं निमूटपणे डिस्क दाखवली. दुरुस्ती करून मशीन सुरू केलं. समोर पुंजाजीचे फोल्डर आले, एकेका गावाच्या नावाचे, आणि शेवटी एक, "घर". मी दुकानात एकटीच टाळ्या वाजवल्या. पण "घर" उघडलं नाही. आपला कायदा तो कायदा.

चांगुणाजवळ मोबाइल नव्हता. घरच्या फोनवर लावला, म्हटलं, "सापडलं बरं सगळं! येऊन त्याच्या आवाजाची सीडी करून घेऊन जाय."

तिकडून एका म्हातारीचा आवाज आला. "बरं. येतो."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडते न उघडते तं एक बाई पायरीवर बसलेली. नऊवारी, हातात भाकरीचं फडकं, तोंड असं का दूध नासावं. ती शालूबाई, पुंजाजीची माय.

"चांगुणा नाही आली?" मी विचारलं.

"तिचं काय काम हाय? पोरगं माहं होतं." ती मशीनसमोर खुर्ची ओढून बसली. "याच्यात सापडलं म्हने ते सारं?"

"हाव, सापडलं."

"मंग पुसून टाक."

मले वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण बाई सरळ बोलून राह्यली होती. "पोराले जाऊन एक वरीस बी झालं नाही, आन् हे नवा नवरा करून राह्यली. माह्या पोराचा आवाज घेऊन जाईन तिकडं. तो नवा बसून आयकन, हसन. गावात बाया तोंडावर बोलतेत मले. एक चीज नेऊ देनार नाही मी तिले. भांडं नाही, लुगडं नाही, आवाज बी नाही."

"आत्याबाई," मी शक्य तेवढं गोड बोलली, "ते तुमच्या पोराचंही आहे. तुम्हाले नाही का ऐकायचं?"

"मले त्याचा आवाज याद हाय. मले मशीन नाही लागत."

"पण मशीन तिनं आणून दिलं. तिलेच देईन मी."

"माह्या कापसाच्या पैशाचं हाय ते. देत नसशील तं सांग, बाजूच्या दुकानात नेतो. तो तं हासत हासत पुसून देईन."

खरं होतं. गल्लीत एकानं नाही म्हटलं नसतं. आता माझंही टाळकं सरकलं. एवढी मेहनत, एवढ्या फ्लॉप्या, आणि ही बया म्हणते पूस! तुम्ही म्हणाल, गुपचूप कॉपी करून ठेवायची होती. बाई अगदी नाकासमोर बसली होती, आणि मी चोरून कॉपी करत नाही, करत नाही म्हणजे करत नाही.

"ठीक आहे," मी म्हटलं. "पण मी नाही दाबणार. तुम्ही दाबा, तुमच्या हातानं."

मले वाटलं, हात मागं घेईल, उठेल, निघून जाईल. डिस्क कोरी करायची एक सीडी असते, ती मी मुद्दाम तिच्यासमोर लावली. "हे जात्यासारखं आहे, दोन तळ्यांचं," म्हणत दोन्ही डिस्क सुट्या केल्या. पडद्यावर लाल अक्षरात सूचना आली. मी बोट ठेवून वाचून दाखवली. "हे एकदा झालं का ब्रह्मदेव आला तरी परत येत नाही. समजलं का? पुंजाजीचं बोलणं, सारं. कायमचं."

"कोन्तं बटन?"

मी दाखवलं.

तिनं बोट लुगड्याले पुसलं आणि दाबलं. पापणी लवली नाही बाईची. पडद्यावर पट्टी सरकायले लागली आणि ती तिच्याकडं पाहत राह्यली, उतू जाते का म्हणून दुधाकडं पाहावं तशी. एक डिस्क झाली, दुसरी लागली. तिनं फडकं सोडून भाकर खाल्ली. मलेही विचारलं, "खातं का?"

दोन्ही कोऱ्या झाल्यावर ती म्हणे, "आता चांगलं करून दे, पुतन्याले कामी येईन." मी विंडोजची सीडी टाकली. आता ना एफ-सिक्स, ना फ्लॉपी, ना यादी. सुटी कोरी डिस्क कोणत्याही गाढवाले ओळखता येते. सरसर चढून राह्यलं होतं सगळं, त्याचाच मले राग आला.

तेवढ्यात चांगुणा पायरी चढून आली. धापा टाकत. सासू एकटी खामगावच्या गाडीत बसली हे तिले कोणीतरी सांगितलं, तशी मागच्या गाडीनं निघाली होती. तिनं सासूकडं पाह्यलं, मशीनकडं पाह्यलं.

"ताई, सीडी?"

मी काय सांगू? सांगितलं. जसं झालं तसं, एका दमात.

चांगुणा भिंतीले टेकून खालीच बसली. तिथूनच म्हणे, "आत्याबाई, ते कोनासाठी होतं, तुमाले माहीत हाय?"

"तुह्या नव्या घरासाठी."

"तुमच्यासाठी होतं." तिचा आवाज एकदम कोरडा झाला. "गेल्या चैतात तुमी जात्यावर हळद दळत होत्या, आठोते? हे कॅमेरा घेऊन समोर बसले. तुमी म्हने, बंद कर रे ते लचांड. आन् ओव्या म्हनत राह्यल्या. एक झाली का हे म्हनत, 'माय, अजून एक.' प्रत्येक ओवीमागं. 'माय, अजून एक.' दुसरं काईच बोलत नाहीत ते त्याच्यात. मले त्यायनं एक शब्द बी म्हटला नाही. ते न्यायचं मी कशाले? मी गेल्यावर तुमी घरात एकल्या राहसान, तुमाले माय म्हननारं कोनी तं पायजे, म्हनून सीडी करून ठेवून जाऊन राह्यली होती."

भाकरीचं फडकं शालूबाई हातात असं पिळून राह्यली होती का ते फाटायलेच आलं.

"मंग सांगायचं होतं," ती म्हणे. "मले सांगायचं होतं तूनं."

"तुमी बोलत होत्या का माह्यासंग? पावसाळ्यापासून एक शब्द तरी?" चांगुणा उठली, पदर झटकला. आणि जाता जाता म्हणे, "आता म्हना ना ओव्या. तुमचा आवाज तं तुमच्यापाशीच हाय. एक म्हना, आन् वाट पाहा, कोनी अजून एक म्हनते का."

पाया न पडता ती पायऱ्या उतरून गेली. शेगावच्या गाडीत बसली का धामणगावच्या, मले माहीत नाही.

दुकानात मी आणि म्हातारी. ती माझ्याकडं वळली. "तू एवढी शिकेल हाय. त्या दोन डिस्कीले पुन्हा जोड ना. तू म्हनलं होतं, जात्यावानी हाय. जात्याची तळी बसवता येते पुन्हा."

"जातं बसवता येते," मी म्हटलं. "दळण झाडून नेलं ते नाही येत."

मी मऊ बोलू शकली असती. नाही बोलली. तिनंही माझ्यासमोर बसून भाकर खाल्ली होती.

तेवढ्यात मशीनचं काम झालं. पडदा निळाशार झाला आणि स्पीकरमधून विंडोज सुरू व्हायची ती धून वाजली. म्हातारीनं चटकन मान वर केली. खुर्ची पुढं सरकवून कान स्पीकरले लावला. तिचा सगळा चेहरा बदलून गेला.

"हा... हा त्याचा हाय का वो?"

"नाही आत्याबाई," मी म्हटलं. "हे सगळ्यायच्याच मशीनमधी वाजते."

तरी तिनं कान काढला नाही. धून केव्हाच संपली होती. थोड्या वेळानं, स्पीकरपाशी तोंड नेऊन, ती हळूच म्हणे, "अजून एक लाव."