थांबलेला ठोका

मी माईक बोलतोय. गाणाऱ्याच्या तोंडासमोर मिरवणारा नव्हे, ड्रमच्या डोक्यावर टांगलेला. आम्ही जुळे. एकाच कारखान्यात घडलो, एकाच डबीतून इथे आलो. उजवीकडचा माझा भाऊ गरीब स्वभावाचा. काहीही झालं तरी मूग गिळून बसतो. मी डावा. मला गप्प बसवत नाही, आणि आज तर अजिबात बसवणार नाही.

आमचं घर म्हणजे तळघरातला एक स्टुडिओ. प्रत्येक ड्रमला स्वतःचा माईक असतो आणि तो आपल्यापुरतंच ऐकतो. आम्ही दोघं मात्र वरून सगळंच ऐकतो: काठी, झांजा, वाजवणाऱ्याचं स्टूल करकरलं तर तेही. प्रत्येकाचं ऐकणं कॉम्प्युटरवर वेगवेगळ्या पट्टीत साठतं. तिला ही मंडळी ट्रॅक म्हणतात.

मालक भला माणूस, पण त्यानं कॉम्प्युटर दिला मेहुण्याच्या हाती. मेहुण्याला एकच विद्या येते, ठोके सरळ करायची. पडद्यावर ठोक्यांच्या जागा दाखवणाऱ्या उभ्या रेघा असतात. ठोका रेघेच्या मागेपुढे दिसला की याच्या पोटात दुखतं. मग कापतो, सरकवतो, जोडतो. गाणं हा ऐकत नाही, बघतो. वाजवणारा खरंच घसरला असेल तर त्याला सावरायला माझी ना नाही. मेहुण्यानं कित्येकांची लाज राखली आहे. पण ज्याला प्रत्येक ठोका घसरलेलाच दिसतो, त्याचं काय करायचं?

एक दिवस बाळ्या आला, ड्रम वाजवायला. केस पिकले तरी थोरल्या बहिणीमुळे त्याचं नाव बाळ्याच राहिलेलं. ताईही बरोबर होती, गायला. तिच्या घशाचं ऑपरेशन व्हायचं होतं. त्यानंतर गाता येईल की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. म्हणून आधी हे एक गाणं. काचेपलीकडे ती उभी राहिली, अलीकडे बाळ्या बसला, आणि दोघांनी एकदमच रेकॉर्ड करायचं ठरवलं.

दोघांच्या हेडफोनमध्ये लय धरून ठेवणाऱ्या क्लिकची टकटक चालू होती. बाळ्या त्या टकटकीबरोबर नेमका चालत होता. फक्त ध्रुवपद उचलण्याआधी ताईचे खांदे वर जायचे आणि याची काठी हवेत किंचित रेंगाळायची. तिचा श्वास पुरा झाला की मगच ठोका. मग लगेच तो टकटकीला परत गाठायचा. मी खूप वाजवणारे पाहिले, पण कुणी कुणासाठी असं थांबलेलं ऐकलं नव्हतं. गाणं संपल्यावर ताई भिंतीला टेकली आणि हसली.

"जमलं रे," ती म्हणाली.

"तू गाणार आणि जमणार नाही होय?"

ते गेले आणि मेहुणा बसला. आधी त्यानं फक्त स्नेअरची, म्हणजे त्या करकरीत ड्रमची पट्टी रेघेवर ओढली. माझी पट्टी तशीच. मग काय, स्नेअरच्या पट्टीत ठोका आधी आणि माझ्या पट्टीत नंतर. एका काठीचे दोन आवाज.

"डबल वाजतंय रे," मालक म्हणाला.

"वरच्या माईकांचा घोळ आहे, भाऊजी."

घोळ म्हणे आमचा. मला तळपाय नाहीत, नाहीतर त्यांची आग मस्तकात गेली असती. मग त्यानं आम्हा सगळ्यांनाच एकत्र कापलं आणि पुढे ओढलं. ठोका रेघेवर बसला खरा, पण आता ताईचा शब्द मागे पडला.

"बाई उशिरा येतायत," असं म्हणून त्यानं तिचा श्वास कापून टाकला आणि शब्दही पुढे ओढला. शेवटी, सरळ झालं की कच्चं पुसायचं, या इथल्या रिवाजाप्रमाणे मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. पुढच्या गिऱ्हाइकासाठी जागा हवी होती.

ऑपरेशनच्या आधी दोघं ऐकायला आले. ध्रुवपदाशी ताईनं हात वर केला.

"अहो, इथला माझा श्वास कुठे गेला?"

"काढला ना तो. तुमचे भाऊ तिथे मागे पडत होते, म्हणून तुम्हीही पडत होतात. आता दोघंही सरळ."

"मागे पडत नव्हता तो. थांबत होता, माझ्यासाठी. पहिलं लावा."

मेहुणा मालकाकडे बघायला लागला आणि मालक जमिनीकडे. काय झालं ते ताईला कळलं. "मी पुन्हा गाते," ती म्हणाली.

बाळ्या माझ्याखाली येऊन बसला. पहिल्या ओळी कशाबशा गेल्या. ध्रुवपदाआधी तिचे खांदे वर गेले. बाळ्या थांबला, आणखी थांबला. शब्द आला नाही, नुसता कोरडा खोकला आला. त्यानं काठ्या खाली ठेवल्या, काचेपलीकडे गेला आणि तिच्या कानावरचा हेडफोन अलगद काढला.

"चल ताई. पुरे आता."

सरळ केलेलं गाणंच बाहेर गेलं. मालक ते नव्या गिऱ्हाइकांना नमुना म्हणून लावतो. "बघा, एक ठोका इकडचा तिकडे नाही." गिऱ्हाइकं माना डोलावतात, मेहुण्याची कॉलर ताठ होते, आणि मी वर टांगलेला धुमसत राहतो. त्याच कात्रीखाली रोज जातो, दुसरं करणार काय?

तुमच्यापैकी कुणी असल्या खुर्चीत बसत असाल, तर ठोका ओढायच्या आधी वाजवणाऱ्याला एकदा विचारा, बाबा, इथे का थांबलास? तो सांगेल. एवढंच मागणं आहे. मला मात्र ते गाणं आता ऐकवत नाही. ध्रुवपद आलं की ताई दम न घेता शब्द उचलते, आणि दरवेळी मला वाटतं, ही आता गुदमरणार.