बाराच्या आतली लग्नं

“या बेटावर पाद्रीबाबांनी जन्मात लावली नसतील एवढी लग्नं मी एका सकाळी लावते,” असं जाहीर करून तेउराबाईंनी व्हॅनिलाच्या फुलात लिंबाचा काटा घातला, आणि फूल तुटून त्यांच्या चपलेवर पडलं.

“मोडलं,” मागून मोएरानी म्हणाली.

“मुलगी पसंत नव्हती.”

मोएरानी त्यांची सून. शहरातून या ताहाआ बेटावर येऊन तिला चार महिने झाले होते. कुठल्याशा पत्रकात या कामाला ‘परागीकरण’ म्हटलं होतं. तो शब्द तिनं पहिल्याच आठवड्यात उच्चारला, आणि तेव्हापासून तिच्या हाती फक्त गळलेली फुलं वेचायची टोपली आली.

“परागीकरण माश्या करतात,” तेउराबाई अजूनही सुनावत. “इथल्या माश्या आळशी. म्हणून माणसानं लग्न लावायचं.”

लग्न म्हणजे फुलातला इवलासा अंतरपाट काट्यानं उचलायचा आणि आतल्या दोघांना अंगठ्यानं हलकेच भेटवायचं. मुहूर्त एकच: फूल उमलेल त्या दिवशी, बाराच्या आत. लग्नाविना राहिलेलं फूल दुसऱ्या दिवशी गळतं, त्याला शेंग नाही. वर्षाचं पीक या काही आठवड्यांत ठरायचं, आणि तेउराबाईंचा काटा हल्ली निम्म्या वेळा हवेतच फिरत होता. घरात त्यावर कुणी बोलत नसे.

ओळीच्या टोकाशी त्या थांबल्या. कालचा घोस त्यांनी बोटांनी चाचपला. कोमेजलेली फुलं देठाला घट्ट धरून होती. एकही गळलं नव्हतं.

“काल मी इथं किती चुकले?”

मोएरानीनं टोपली या हातातून त्या हातात घेतली. “मी नाही मोजलं, आई.”

“माझ्या मागून लावत येतेस ना?”

“हो.”

“कशानं?”

तिनं अंबाड्यात खोचलेला काटा काढून दिला. तो आपल्या काट्याहून बारीक तासलेला आहे, हे तेउराबाईंच्या अंगठ्याला कळलं.

“एका घोसात किती?”

“आठ. जास्त लावली तर वेल थकते.”

“पत्रकात आहे?”

“तुम्हीच सांगता रोज. माझ्याकडे न बघता, टोपलीकडे बघून.”

काटा परत देऊन तेउराबाईंनी तिच्या हातातली टोपली घेतली, स्वतःच्या दंडात अडकवली आणि पुढच्या ओळीच्या तोंडाशी बाजूला सरकून उभ्या राहिल्या.

मोएरानीनं पहिलं फूल दोन बोटांत धरलं.

“थांब,” त्या म्हणाल्या. “आधी घरी जा. माझ्या गादीखाली चष्मा आहे. दोन वर्षांपूर्वीचा, न घातलेला. तेवढा आण.”