मोहनसिंगचा हात

मंडपाच्या कनातीवर अजून ऊनही चढलं नव्हतं, तरी किन्हीराजाच्या त्या माळावर पाय ठेवायला जागा उरली नव्हती. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून माणसं आली होती. मंचावर पवनबाबा बसलेले. अंगावर भगवी शाल आणि पायात पळायचे पांढरेशुभ्र बूट. हो, बूट! हा धावणाऱ्यांचा बाबा होता. वाऱ्यावर जगतो म्हणे, अन्नाला शिवत नाही म्हणे. शालीच्या घडीत न मावणारं पोट सगळ्यांना दिसत होतं, पण ते बघायला कोणी आलं नव्हतं.

"उजवा हात आडवा धर, बच्चा," बाबा म्हणाले.

मोहनसिंग पैलवानाने हात आडवा धरला. उधळलेला गोऱ्हा शिंगं धरून थांबवणारा गडी तो. बाबांनी त्याच्या डाव्या मुठीत तुरीची डाळ ठेवली आणि बोलायला लागले. डाळ जड, डाळ पायात बेडी घालते, डाळ वायूचा मार्ग अडवते. बोलता बोलता त्यांनी पैलवानाच्या हातावर चार बोटं दाबली. हात धपकन खाली आला! मंडपात "अगागा" झालं. मग मुठीत डाळीऐवजी भस्माची पुडी आली. "आता तयार हो, बच्चा. लाव जोर!" बाबा ओरडले आणि दोन्ही हातांनी लोंबकळले, तरी पैलवानाचा हात जागचा हलला नाही. टाळ्यांनी कनाती हलल्या.

रत्नमालाने टाळी वाजवली नाही. तिची नजर मंचाच्या कडेला बसलेल्या पोरीवर होती. पौर्णिमा, तिची एकुलती एक लेक. जिल्ह्यात लांब पल्ल्याच्या शर्यतीत तिच्यापुढे कोणी जात नव्हतं. आज बाबा तिला झेंडी दाखवणार होते आणि ती जऊळका स्टेशन गाठून परत येणार होती. पोटात फक्त भस्माचं पाणी. पोरीचे ओठ कागदासारखे झाले होते आणि मंचाच्या चार पायऱ्या चढताना तिला धाप लागली होती, हे आईने पाहिलं होतं.

उन्हाळ्यात घरचा बोकड कापला, त्या दिवशी पौर्णिमाने मटण सोडलं. अंडंही सोडलं. रत्नमालाला त्याचं काही वाटलं नाही. "नको खाऊ माय, पण पोटभर खा," एवढंच ती म्हणाली. पण महिन्याभरात बाबा माळावर आले आणि पोरीने डाळ सोडली, मग उसळी सोडल्या, मग दूध. उरला साबुदाणा, केळी, काळा चहा आणि ती राख.

खरं तर हे घर बुवाबाजीला दारातूनच वाटेला लावणारं. तिच्या सासऱ्याने, पुंजाजींनी, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून घरात ना गंडा शिरला ना दोरा. बाप धम्मरत्न एसटीत कंडक्टर. त्याने पोरीला समजावून पाहिलं, ओरडून पाहिलं. पोरीचं उत्तर ठरलेलं.

"पप्पा, मी काय देव मानून राह्यली काय? पवनबाबा 'माना' म्हणतच नाईत. पारखून पाह्य म्हणतात. मी पारखलं. डाळ धरली तं हात पडला, भस्म धरलं तं टिकला. हात तं माह्याच होता ना?"

पवनबाबांनी देवाचं नाव घेतलं असतं तर पोरगी पहिल्याच दिवशी उठून आली असती. बाबांनी घेतलं नाव प्रयोगाचं. मुलगी अकरावी सायन्सची. बरोबर गळाला लागली.

परवा आरोग्य केंद्रात डॉक्टर ज्योत्स्नाताईंनी तिचं रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन सातावर. त्यांनी रत्नमालाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हिला पळू देऊ नका. उन्हात, उपाशी, एवढ्या कमी रक्तावर पळाली तर रस्त्यात पडेल. आणि पडल्यावर काय होईल ते मला सांगता येणार नाही." गोळ्या दिल्या, पोरीने त्या घेतल्या नाहीत. आज निघताना रत्नमालाने तिचा हात धरला, तिने झटकून सोडवला. मग रत्नमाला पळत जाऊन डॉक्टरांनाच घेऊन आली. आता दोघी मंचापाशी उभ्या होत्या.

बाबांनी झेंडी हातात घेतली.

"महाराज, एक मिनिट!" ज्योत्स्नाताई सरळ मंचावर चढल्या. "मी इथली डॉक्टर. तुमचं भस्म खरं असेल तर उद्यापासून मी दवाखान्यात ठेवते. फक्त एकदा माझ्या पद्धतीनं करून दाखवा."

लोक खूश झाले. डॉक्टरीणबाई शरण आली! बाबाही हसले.

"वस्तू कापसात गुंडाळून, वर कागदाची पुडी करू. आत डाळ की भस्म, ते तुम्हाला सांगायचं नाही, मोहनसिंगभाऊंना नाही, मलाही नाही. तुम्ही हात दाबून ओळखायचं."

बाबांचं हसू जरा उतरलं. "बेटी, जहाँ संशय, वहाँ शक्ती नहीं. संशयी माणसापुढे भस्म मौन होतं."

"भस्म मौन होते, अन् हात?" हे मोहनसिंग बोलला. तो बाबांचा पक्का भक्त, मनाने सरळ. "महाराज, होऊन जाऊ द्या. हात माह्या हाय. या बाईचं तोंड एकदाचं बंद होईन."

भक्तानेच पेच टाकला, आता बाबा पळणार कुठे?

पुड्या बांधायला ताईंनी रत्नमालाला मंचामागच्या पडद्याआड पाठवलं. "काय भरायचं ते तुम्ही ठरवा. कोणाला सांगू नका, आणि परत आल्यावर बाबांकडे बघूही नका." समोर डाळीची वाटी, भस्माची वाटी. क्षणभर विचार करून तिने पहिल्या पुडीत डाळ भरली. दुसरी पुडी घेतली आणि तिच्यातही डाळच भरली.

बाहेर येऊन तिने पहिली पुडी पैलवानाच्या मुठीत दिली, पदर कपाळावर ओढला आणि पाठ फिरवून उभी राहिली. बाबा तिच्या तोंडाकडे बघायला दोनदा पुढे वाकले. मग लांबलचक प्रवचन झालं, पैलवानाचा हात आडवाच. आणि एकदम दाब! हात खाली.

"डाळ!" बाबा गरजले.

ताईंनी पुडी उघडली. डाळच. मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. कोणी शिट्टी मारली, कोणी "डॉक्टरीण, भस्म घ्या आता" म्हणून ओरडलं. पौर्णिमा उठली आणि बुटाची नाडी आवळायला लागली. रत्नमालाचा जीव अर्धा झाला. आपणच पोरीला पळायला ढकललं की काय, असं तिला वाटलं.

"थांब वं पौर्णिमा!" ती ओरडली. "दुसरी पुडी हाय अजून. पारखणारी ना तू? मंग पुरतं पारख."

पोरगी थबकली.

दुसरी पुडी मुठीत गेली. एकदा डाळ झाली, आता भस्मच असणार, हा हिशोब तर कोणीही केला असता. बाबांनी पैलवानाला हात झटकून मोकळा करायला लावला. "तयार हो, बच्चा! लाव जोर!" आणि लोंबकळले. हात लोखंडी दांड्यासारखा ताठ.

"भस्म! पाहा, भस्माची शक्ती!"

"पौर्णिमा," ताई म्हणाल्या, "ही पुडी तू उघड."

पोरीने कागद सोडला, कापूस उलगडला. तळहातावर तुरीची पिवळी डाळ पडली.

"दोन्हीत डाळच होती," रत्नमाला आता लोकांकडे वळून म्हणाली. "मीच भरली. डाळ तीच, हात तोच. एकदा पडला, एकदा टिकला. कसा काय, इचारा आता तुमच्या महाराजाले."

महाराज म्हणाले, बाईची नजर लागली. मग म्हणाले, वारा फिरला. तोवर मोहनसिंग मंचावर मध्ये येऊन उभा राहिला होता आणि स्वतःच्या हाताकडे बघत होता.

"सोपं आहे भाऊ," ताई म्हणाल्या. "हात पाडायचा असतो तेव्हा हे बोलत राहतात. तुमचा हात अवघडून थकतो. मग तुम्ही बेसावध असताना मनगटावर एकदम दाबतात. हात टिकवायचा असला की आधी मोकळा करायला लावतात, तयार हो म्हणतात आणि पार खांद्याजवळ लोंबकळतात. दार कडीपाशी ढकललं तर करंगळीनं उघडतं. बिजागरीपाशी ढकलून पाहा बरं, घाम फुटेल. रत्नमालाताई, या इकडे."

रत्नमालाने त्याला हात आडवा धरायला लावला, शेतातल्या तुरीच्या चार गोष्टी सांगितल्या आणि बोलता बोलताच मनगट दाबलं. पैलवानाचा हात खाली. मग तिने खांद्याजवळ सगळा भार टाकला, तर हात हलेना. मुठीत तर काहीच नव्हतं!

"बावा, तुमी मले सहा महिने तमाशातलं माकड बनवलं?" मोहनसिंग बाबांकडे वळला. बाबा मागच्या पडद्याकडे सरकले होते. त्या पांढऱ्या बुटांचा तेवढा तरी उपयोग झाला. लोक पडद्याआड पोचेपर्यंत जीप माळाच्या पार गेली होती.

पौर्णिमा मंचाच्या कडेला मटकन बसली. "मले राख खरंच गोड लागत होती, ताई. आता बी खावीशी वाटून राह्यली. मंग ते काय होतं?"

"रक्त कमी झालं की माती, राख, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. ती भस्माची ओढ नव्हती बेटा, तो आजार होता. सुरुवातीला वजन उतरलं म्हणून हलकं वाटलं तुला. मग अंगातलं संपत गेलं."

"म्हणजे आता मटण खावंच लागन?"

"कोण म्हणालं? मटण सोडलंस, ठीक आहे. पण त्याच्या जागी काही ठेवलं नाहीस. वरण खा, मटकीची उसळ खा, भाकरीबरोबर जवसाची चटणी, मूठभर शेंगदाणे. हरभऱ्याच्या भाजीवर लिंबू पिळ, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. चहा जेवणाबरोबर नको. दूध-दही रोज, कारण बी-बारा डाळीत नसतं. आणि आत्ता लोहाच्या गोळ्या, मी सांगेपर्यंत. पळणाऱ्याला भाकरीही जास्त लागते, लाजू नको."

"अन् सोयाबीन?" रत्नमालाने विचारलं. "आमी तं पोतेच्या पोते विकतो. घरात कोणी तोंडात घालत नाई."

"शिजवून घाला की! अख्खा तालुका ताकद पिकवतो, बाजारात नेऊन विकतो, आणि राखेसाठी रांग लावतो."

रत्नमालाने लेकीला उठवलं. पौर्णिमा त्या दिवशी धावली नाही. आईच्या खांद्याचा आधार घेत ती आरोग्य केंद्रापर्यंत चालत गेली, आणि मोहनसिंग मागून तिची पिशवी घेऊन आला. पुढे तीन-चार महिने ती नुसती चालली, मग हळूहळू पळाली. आजही ती मटण खात नाही, आणि आजही जिल्ह्यात तिच्यापुढे जाताना भल्याभल्यांची दमछाक होते.

मंडळी, देवाच्या नावानं फसवणारा ओळखता येतो. पारखून पाहा म्हणत फसवणारा जास्त पोचलेला असतो, कारण पारख कशी करायची हेही तोच ठरवतो. तेव्हा तुमच्या गावी असा कोणी हात दाबायला आला, तर त्याच्याशी भांडू नका आणि त्याच्या पायाही पडू नका. फक्त मुठीत काय आहे, ते त्याला सांगू नका.