दारासमोरचं चित्र

मांजराच्या मिशा तिने आधीच बोथट सुईने कागदात कोरून घेतल्या होत्या. त्यावरून तपकिरी पेन्सिल आडवी फिरवली, की कोरलेल्या रेषा पांढऱ्याच राहत आणि मिशा आपोआप उमटत. तिसरी मिशी उमटत होती तेवढ्यात दादाचा फोन आला.

आई गेल्यापासूनचा पहिलाच. आवाज मात्र गोड होता. ऑफिसात साहेबांच्या केबिनमध्ये त्याने तिचं काम पाहिलं होतं. त्यांच्या गेलेल्या कुत्र्याचं चित्र, केसन् केस खरा वाटावा असं. हाच दादा इतकी वर्षं चारचौघांत तिला ‘कुत्र्यामांजरांची खास चित्रकार’ म्हणून हसत आला होता. आता त्याला आईचं तसंच चित्र हवं होतं. आईला जाऊन वर्ष होईल त्या दिवशी सगळे नातेवाईक त्याच्याकडे जमणार होते.

"हसरा फोटो पाठवतो," तो म्हणाला. "माझ्या लग्नातला."

"पाठव," ती म्हणाली आणि उरलेल्या मिशा पुऱ्या केल्या.

आई शेवटचे पाच महिने दादाकडे होती. हिने फोन करावा तर आई नेमकी झोपलेली असे. येते म्हटलं, की डॉक्टरांनी माणसांची वर्दळ नको म्हणून बजावलेलं असे. तिने विश्वास ठेवला; सख्ख्या भावावर नाही ठेवायचा तर कोणावर? आई गेली त्या दिवशी आईला सांभाळणाऱ्या बाईंनी तिला जिन्यात गाठलं आणि एकदा तरी यायचं होतंत, म्हणून डोळे पुसले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आई लेकीकडे राहायला जायचा हट्ट धरायची. मुलगा असताना आई मुलीकडे राहिली तर लोक काय म्हणतील, ही दादाची चिंता. आंघोळीला, औषधाला आई कुरकुर करायला लागली, की तो सांगायचा, आवरून घे, आज ती येणार आहे. आई मुकाट्याने आवरून बसायची. दर रविवारी.

लग्नातला फोटो तिने उघडूनही पाहिला नाही. तिने बाईंना फोन करून त्यांच्या मोबाइलवर एखादा फोटो आहे का विचारलं. होता. आई खुर्चीत ताठ बसलेली, केस चापूनचोपून विंचरलेले, अंगावर इस्त्रीचे कपडे, मांडीवर पर्स. फोटो दारातूनच काढलेला, त्यामुळे नजर थेट समोर, दाराकडे.

तिने बाकीची कामं बाजूला ठेवली. दीड महिना रंगाच्या थरावर थर चढवले. पर्सच्या पट्ट्याभोवती आवळलेल्या बोटांनाच आठ दिवस लागले. काहीही सौम्य करायचं नाही, सुटलेल्या कातडीची एक सुरकुतीही गाळायची नाही, असं तिने ठरवलं होतं. हात दुखायला लागला, की ती दादाचा चेहरा डोळ्यांसमोर आणायची आणि पुन्हा पेन्सिल उचलायची.

आईला वर्ष झालं त्या दिवशी दादाचा दिवाणखाना भरलेला होता. तिने कोणाला न विचारता दारासमोरचं घड्याळ उतरवलं आणि त्याच खिळ्यावर चित्र लावलं. दादा आतून शर्टाची बटणं लावत आला आणि जागच्या जागी थांबला. इतक्या माणसांत ते उतरवणं शक्य नव्हतं.

म्हाताऱ्या आत्याने चष्मा सारखा केला.

"वहिनी कोणाची वाट बघतेय गं?"

"हिची," दादा पटकन म्हणाला. "हिला कुठे सवड होती?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. दीड महिना मनात घोळवलेलं मोठं भाषण होतं तिच्याकडे. त्यातलं थोडंच बाहेर आलं.

"ती येणार आहे, असं आईला दर रविवारी कोण सांगायचं, दादा? आणि येऊ नकोस, असं मला कोण सांगायचं?"

आवाज चढलेला नव्हता. दादाच्या बायकोने हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला.

"मी सांगत होते तुम्हाला," ती नवऱ्याला म्हणाली. एवढंच.

दादाने एकवार सगळ्यांकडे पाहिलं, मग तो आत गेला आणि दार लोटून घेतलं. आत्या त्या बंद दाराकडे बघत राहिली. कोणी चहाला हात लावला नाही.

हवं होतं ते झालं होतं. आता चित्र भिंतीवर राहिलं तरी त्याला ते रोज बघावं लागणार होतं, काढलं तर कारण सांगावं लागणार होतं. तिने झोळी खांद्याला लावली, दारात जाऊन एक पाय चपलेत घातला आणि शेवटचं एकदा मागे वळून पाहिलं.

आई तिच्याकडेच बघत होती.

डोळ्यांतला चमकता ठिपका तिने स्वतः ब्लेडच्या टोकाने रंग खरवडून उमटवला होता, दादाला बोचावा म्हणून. पण दादाच्या खोलीतून चित्राची नुसती कडा दिसली असती. नजर पोचत होती ती या उंबऱ्यावर. दारात उभ्या राहिलेल्या माणसाकडे आई अशी बघत होती, जणू वाट पाहिलेलं माणूस आत्ता कुठे येऊन पोचलं आहे.

"निघालीस का गं?" आत्याने विचारलं.

तिने चपलेतून पाय काढला.

"नाही," ती चित्राकडे बघत म्हणाली, "आत्ताच आले."